हृदयाचे सीटी चित्रण : ‘डाय’चे वेळापत्रक

वसई तालुक्याच्या पूर्व भागातील चांदीप हे गाव महानगराच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. असे असले तरी हृदयविकाराच्या विशेष तपासणीसाठी तेथील रुग्णाला गावाबाहेरचीच वाट धरावी लागते. कोणी विरारला जातो, कोणी वसईला, तर कोणी लोकलने थेट मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात. चढ चढताना छातीत दुखते, दम लागतो, अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती अलीकडे पुष्कळदा ‘सीटी कोरोनरी अँजिओग्राफी’ असे लिहिलेला कागद पडतो. त्याखाली सूचना असतात : काही तास जेवू नये, चहा-कॉफी घेऊ नये, क्रिएटिनिनचा अहवाल आणावा, चालू असलेल्या गोळ्या दाखवाव्यात, संमतिपत्रावर सही करावी. हा कागद वाचून दाखविण्याचे काम गावात बहुधा शिक्षक, आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांच्याकडे येते. आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘डाय’विषयी. डाय टोचली की मूत्रपिंडे निकामी होतात, असे कोणी सांगितलेले असते. मासळी सोसत नसेल तर ती घेऊच नये, असे आणखी कोणी.

या शंकांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर दोन प्रकारे हानी होते. ज्याला तपासणीची खरोखर गरज आहे तो ती टाळतो, ही एक. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. ‘खरे सांगितले तर सुई देणार नाहीत आणि खेप फुकट जाईल’ या भीतीने रुग्ण आपला दमा, मागे आलेली ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार लपवितो. या तपासणीतील औषधाचे प्रमाण, त्याचा वेग आणि त्याची वेळ ही रुग्णाने दिलेल्या माहितीवरच ठरत असल्याने त्यामागील शास्त्र समजून घेणे उपयुक्त ठरेल.

रंग नसलेला रंग

‘डाय’ हा लोकांच्या तोंडी बसलेला शब्द मुळातच दिशाभूल करणारा आहे. हे द्रव्य कशालाही रंग देत नाही. बाटलीत ते पाण्यासारखे स्वच्छ दिसते. त्याचा गुण वेगळा आहे. क्ष-किरण शरीरातून जाताना हाडांकडून अडविले जातात. स्नायूंतून आणि रक्तातून मात्र ते जवळजवळ सारख्याच प्रमाणात पार होतात. म्हणून साध्या चित्रात हृदयाचा स्नायू कोणता आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीतील पोकळी कोणती, हे वेगळे ओळखता येत नाही. आयोडीन हे जड मूलद्रव्य क्ष-किरणांना अडविते. ते रक्तात मिसळले की रक्ताचा प्रवाह चित्रात उजळून निघतो, आणि जेथे रोहिणी अरुंद झाली आहे तेथे ती उजळ रेघ बारीक झालेली दिसते.

सीटी यंत्र शरीरातील प्रत्येक बिंदूला त्याच्या घनतेनुसार एक अंक देते. या यंत्राचे जनक गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या नावाने तो अंक ओळखला जातो. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १०००, साध्या रक्ताचा ४० च्या आसपास. हृद्‌रोहिणी नीट पाहावयाच्या तर त्यांतील रक्ताचा अंक निदान ३०० पर्यंत न्यावा लागतो. तो बेसुमार चढविणेही योग्य नव्हे. कारण रोहिणीच्या भिंतीत साठलेले कॅल्शियमचे कण मग त्या उजेडातच हरवतात. अंधारात सुई सापडत नाही, तशी डोळे दिपविणाऱ्या प्रकाशातही सापडत नाही.

रक्तवाहिन्या अशा रीतीने उजळविण्याची कल्पना क्ष-किरणांइतकीच जुनी आहे. राँटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लावला आणि जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्ना येथे हाशेक आणि लिंडेनथाल यांनी शरीरापासून अलग झालेल्या एका हाताच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरण अडविणारे मिश्रण भरून त्याचे चित्र घेतले. जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचण्यास मात्र अनेक वर्षे जावी लागली. १९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्याच दंडातील नीलेतून हृदयापर्यंत नळी सरकविली. या साहसाबद्दल त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक आणखी दोघांसह विभागून मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या हातून हे द्रव्य अनपेक्षितपणे थेट हृद्‌रोहिणीत गेले. रुग्ण बचावला, आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या अँजिओग्राफीचा मार्ग खुला झाला. त्या पद्धतीत मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयापर्यंत न्यावी लागते. सीटी पद्धतीत नळी हृदयात जात नाही. कोपराच्या पुढील बाजूच्या नीलेत सुई लावली की पुरे. पहिले सीटी चित्र १९७१ मध्ये लंडन येथे घेतले गेले, ते मेंदूचे. हृदयासारखा सतत हलणारा अवयव या यंत्राच्या आटोक्यात येण्यासाठी एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

द्रव्याच्या सुरक्षिततेचा इतिहास समुद्रकाठच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. जुनी आयोडीनयुक्त द्रव्ये रक्ताच्या मानाने पाच ते आठ पट तीव्र असत. ती शिरताच रक्तवाहिनीत वेदना व जळजळ होई. टॉर्स्टन अल्मेन हे स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ. बाल्टिक समुद्राच्या निमखाऱ्या पाण्यात पोहताना डोळे झोंबत नाहीत, पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात मात्र झोंबतात, हा त्यांचा पोहण्यातील अनुभव होता. रक्तवाहिनीतील वेदनाही द्रव्याच्या अशाच तीव्रतेमुळे होत असावी, असे त्यांनी ताडले आणि १९६९ च्या सुमारास आयोडीन तेवढेच ठेवून द्रावणातील कणांची संख्या कमी करण्याची युक्ती सुचविली. मिठागरात राबणाऱ्या माणसाला ही गोष्ट प्रयोगशाळेशिवायही पटेल. या विचारातून जी ‘नॉन-आयोनिक’ द्रव्ये तयार झाली, तीच आज हृदयाच्या सीटीसाठी वापरली जातात. जपानमध्ये सुमारे ३ लाख ३७ हजार रुग्णांची पाहणी करून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, जुन्या द्रव्याने दर १०,००० रुग्णांमागे २२ जणांना तीव्र प्रतिक्रिया झाली होती. नव्या द्रव्याने ४ जणांना. धोका शून्य झाला नाही, पण पाच पटींहून अधिक घटला.

पाटाचे पाणी आणि वाफा

हृदयाच्या सीटीचे सारे कौशल्य एका प्रश्नात आहे : टोचलेले द्रव्य हृद्‌रोहिणींत नेमके कधी पोहोचते? हाताच्या नीलेत शिरलेले द्रव्य प्रथम हृदयाच्या उजव्या बाजूस जाते, तेथून फुप्फुसांत, फुप्फुसांतून डाव्या बाजूस, मग महारोहिणीत. आणि महारोहिणीच्या अगदी उगमापाशी फुटणाऱ्या हृद्‌रोहिणींत सरतेशेवटी शिरते. सर्वसाधारण माणसात या प्रवासास १५ ते २५ सेकंद लागतात. ज्याचे हृदय दुर्बल आहे, त्याला ३० सेकंदांहून अधिकही लागू शकतात.

वाडीतील बागायतदाराला हे गणित नवे नाही. विहिरीवर मोटर सुरू केली म्हणजे शेवटच्या वाफ्यात लगेच पाणी पोहोचत नाही. पाट किती लांब आहे, त्याला उतार किती आहे, पाण्याला रेटा किती आहे, यावर ते अवलंबून असते. लवकर जाऊन पाहिले तर वाफा कोरडा, उशिरा गेले तर पाणी ओसरलेले. येथे फरक एवढाच की वाफा दोन ते चार मिलिमीटर रुंदीचा आहे, तो दर सेकंदाला हलतो आहे, आणि पाणी त्यात भरून राहण्याचा काळ दहा-पंधरा सेकंदांचा आहे.

म्हणून हे द्रव्य हाताने ढकलून चालत नाही. त्यासाठी दोन नळकांड्यांचे विद्युत्‌चलित यंत्र वापरतात. एकात आयोडीनयुक्त द्रव्य, दुसऱ्यात साधे सलाइन. द्रव्य सेकंदाला सुमारे ५ ते ६ मिलिलिटर या वेगाने सोडले जाते. एकूण मात्रा बहुधा ५० ते १०० मिलिलिटर असते. ७० मिलिलिटर द्रव्य सेकंदाला ५ मिलिलिटर या वेगाने सोडले तर ते १४ सेकंदांत संपते. चित्रासाठी महत्त्वाचे असते ते दर सेकंदाला किती आयोडीन रक्तात जाते ते. मिलिलिटरला ३७० मिलिग्रॅम आयोडीन असलेले द्रव्य वरील वेगाने दिले तर दर सेकंदाला १.८५ ग्रॅम आयोडीन रक्तात मिसळते. द्रव्य पातळ असेल तर वेग वाढवावा लागतो. दाट असेल तर कमी वेगानेही तोच परिणाम साधतो.

एवढा वेग सोसण्यासाठी सुईही जाड लागते. हाताच्या पंजावरील बारीक नीला त्यासाठी चालत नाही. कोपराच्या पुढील भागातील नीलाच निवडतात, आणि तीही शक्यतो उजव्या हाताची. डाव्या हातातून जाणारे दाट द्रव्य महारोहिणीच्या समोरून आडवे जात असल्याने त्याची चकाकी चित्रात आडवी येते. रुग्णाला हे ठाऊक नसते. ‘डाव्या हाताला टोचा, उजवा कामाचा आहे’ असा आग्रह कोणी धरल्यास त्यास हे कारण समजावून सांगावे. द्रव्य शरीराच्या तापमानाइतके कोमट करून भरतात, कारण थंड असताना ते काकवीसारखे दाट राहते आणि नीलेवरील दाब वाढतो. सुई नीट बसली आहे की नाही हे आधी सलाइन सोडून पाहिले जाते. तरीही क्वचित द्रव्य नीलेबाहेर मांसात झिरपते. हात फुगू लागला, ठणका लागला, तर रुग्णाने ‘सोसून घेऊ’ असे न म्हणता तत्काळ ओरडून सांगावे. येथे सोशिकपणा कामाचा नाही.

द्रव्यामागोमाग त्याच वेगाने ४० ते ५० मिलिलिटर सलाइन सोडतात. मोटर बंद केल्यावर पाटात उरलेले पाणी जसे वाया जाते, तसे सलाइन न दिल्यास बरेचसे द्रव्य हाताच्या नीलेतच पडून राहील. मागून येणारे सलाइन ते पुढे रेटते. शिवाय हृदयाच्या उजव्या बाजूला साचून राहिलेले दाट द्रव्य त्यामुळे धुतले जाते आणि तिच्याशेजारून जाणारी उजवी हृद्‌रोहिणी स्पष्ट दिसते. उजव्या बाजूचे कप्पेही पाहावयाचे असतील तर मधल्या टप्प्यात द्रव्य व सलाइन यांचे मिश्रण देतात.

वेळ ठरविण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत १० ते २० मिलिलिटर द्रव्य चाचणीदाखल सोडून ते महारोहिणीत किती सेकंदांनी सर्वाधिक उजळते हे मोजतात व त्यावरून मुख्य चित्रणाची वेळ ठरवितात. दुसऱ्या पद्धतीत चाचणी नसते. मुख्य मात्राच सोडली जाते आणि यंत्र महारोहिणीतील एका ठिकाणावर लक्ष ठेवून बसते. तेथील अंक १०० ते १५० ने चढला की यंत्र रुग्णाला श्वास रोखण्याची सूचना देते आणि काही सेकंदांत चित्रण सुरू होते. पहिली पद्धत रुग्णाची आगाऊ ओळख करून देते, दुसरीत द्रव्य थोडे वाचते. अनुभवी तंत्रज्ञाच्या हाती दोन्ही चांगल्या आहेत.

प्रत्येकाला एकच ठरावीक मात्रा देणे हा मात्र सोपा पण चुकीचा मार्ग होय. ४५ किलो वजनाच्या स्त्रीला पुरेसे होणारे द्रव्य ९५ किलो वजनाच्या पुरुषाला पुरणार नाही. कृश व्यक्तीचे चित्रण कमी विद्युत्‌दाबावर करता येते; त्या दाबावरील क्ष-किरणांना आयोडीन अधिक जोमाने अडवीत असल्याने द्रव्यही कमी लागते आणि किरणोत्सर्गही. २०२२ मध्ये शांघायमधील टाळेबंदीमुळे तेथील एका मोठ्या कारखान्याचे उत्पादन घटले आणि अमेरिकेसह काही देशांत या द्रव्याचा तुटवडा पडला. तेव्हा अनेक रुग्णालयांनी वजनाप्रमाणे मात्रा कमी करण्याचा मार्ग अवलंबिला. काटकसर पुष्कळदा टंचाईच शिकविते.

नाडी आणि श्वास

चित्र कितीही उजळले तरी हृदय हलत असेल तर ते पुसट येते. हृदयाची नाडी मिनिटाला ६० असेल तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो आणि त्यात हृदय काहीसे स्थिर असण्याचा एक लहानसा क्षण येतो. नाडी ९० झाली की तो क्षण जवळजवळ नाहीसा होतो. यासाठी नाडी ६० ते ६५ च्या खाली आणतात. त्याकरिता मेटोप्रोलोलसारखी गोळी तासभर आधी दिली जाते. दमा असलेल्यास ही गोळी घातक ठरू शकते. म्हणून दम्याची माहिती दोन वेगवेगळ्या कारणांनी महत्त्वाची आहे, एक या गोळीसाठी आणि दुसरे ॲलर्जीच्या शक्यतेसाठी. चहा-कॉफी वर्ज्य करण्याचे कारणही नाडीच. कागदावर बहुधा लिहिलेले नसते, पण तंबाखू, विडी आणि मिश्री यांनीही नाडी वाढते. सकाळी मिश्री लावून आलेली आजीबाई ‘मी काहीच घेतले नाही’ असे सांगते तेव्हा ती आपल्या परीने खरेच बोलत असते. विचारणाऱ्याने नाव घेऊन विचारावे.

हृद्‌रोहिणी रुंदावण्यासाठी चित्रणापूर्वी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिल प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत त्यामुळे रक्तदाब धोकादायक रीतीने उतरू शकतो. ही बाब कुटुंबासमोर कोणी उघड करणार नाही. ती एकांतातच विचारली पाहिजे. तरुण स्त्रीला गरोदरपणाविषयी विचारतानाही हेच पथ्य पाळावे.

श्वास रोखण्याच्या सूचनेबाबत एक व्यावहारिक अडचण येते. यंत्रातील ध्वनिमुद्रित सूचना हिंदी किंवा इंग्रजीत असेल, तर वाडवळी किंवा वारली बोलणाऱ्या वृद्धाला ती कळेपर्यंत दोन-तीन सेकंद निघून जातात. आणि येथे सारा हिशेबच सेकंदांचा आहे. बहुतेक यंत्रांत स्थानिक भाषेतील सूचना भरून ठेवण्याची सोय असते. ती वापरली जावी, असा आग्रह रुग्णालयाकडे धरणे मुळीच गैर नाही. घरी आदल्या दिवशी ‘श्वास घ्या, धरा’ याचा दहा सेकंदांचा सराव चार-पाच वेळा करून घ्यावा. श्वास बेताचाच घ्यावा. छाती ताणून खोल श्वास घेतला तर पोटाकडून द्रव्यविरहित रक्त एकदम हृदयात खेचले जाते आणि नेमक्या क्षणी उजेड मंदावतो.

द्रव्य शिरताच घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम ऊब पसरते. लघवी झाली की काय, असे वाटते. ती झालेली नसते. अर्ध्या मिनिटात ही भावना ओसरते. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण दचकतो, नाडी चढते, आणि चित्रण बिघडते.

मासळी, मूत्रपिंड आणि किरणोत्सर्ग

मासळीची ॲलर्जी असणाऱ्यास आयोडीनची डाय चालत नाही, हा समज किनारपट्टीच्या लोकांना विशेष अडचणीचा ठरतो. तो खरा नाही. कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी त्यांतील प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नव्हे. आयोडीनयुक्त मीठ तर घरोघरी खाल्ले जाते. कोणतीही तीव्र ॲलर्जी असल्यास ती सांगावी हे योग्यच. परंतु कोळंबीने अंगावर पित्त उठते एवढ्या कारणाने तपासणी नाकारण्याची गरज नाही. खरा महत्त्वाचा प्रश्न असा : यापूर्वी सीटीच्या अथवा अँजिओग्राफीच्या वेळी हेच द्रव्य दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या काय, श्वास कोंडला होता काय, रक्तदाब उतरला होता काय? उत्तर होकारार्थी असेल तर पुन्हा प्रतिक्रिया होण्याचा संभव कित्येक पटींनी वाढतो. अशा वेळी द्रव्य बदलणे, आधी औषधे देणे किंवा वेगळी तपासणी निवडणे हे पर्याय डॉक्टरांपुढे असतात. माहितीच नसेल तर त्यांच्यापुढे यातील एकही पर्याय राहत नाही.

थायरॉइडविषयी मात्र काळजी रास्त आहे. ८० मिलिलिटर द्रव्यात सुमारे २८ ग्रॅम आयोडीन असते. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे या मात्रेचा एक पावणेदोन लाखांवा भागही नाही. यातील जवळजवळ सर्व आयोडीन रेणूत घट्ट बांधलेले असून तसेच लघवीवाटे निघून जाते. तथापि, जे अल्पसे सुटते तेही अतिक्रियाशील थायरॉइड असलेल्यास त्रासदायक ठरू शकते.

मूत्रपिंडाबाबतची भीती पूर्वी होती तितकी आज उरलेली नाही. द्रव्य दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांची तुलना केली असता, द्रव्यावर ठपका ठेवलेल्या अनेक बिघाडांचे कारण मूळचा आजार होता, असे आढळून आले. क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची कार्यक्षमता ३० च्या खाली असणाऱ्यांबाबत मात्र विशेष दक्षता घेतली जाते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत, त्यांची गोळी ४८ तास थांबवून क्रिएटिनिन पुन्हा तपासतात. इतरांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. उपाशी राहण्याची सूचना अन्नापुरती असते. पाण्यावर बंदी घातलेली नसेल तर पाणी जरूर प्यावे. उन्हातान्हात प्रवास करून कोरड्या तोंडाने यंत्राखाली जाणे हेच मूत्रपिंडाला अधिक जड जाते.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून याच परिसरात असल्याने ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द पालघर जिल्ह्याला अपरिचित नाही. सीटीच्या बाबतीत एवढे ध्यानात घ्यावे की हे द्रव्य किरणोत्सर्गी नसते, आणि यंत्र बंद होताच क्ष-किरण थांबतात. रुग्णापासून घरातील मुलाबाळांना कोणताही धोका नसतो. स्तनदा मातेनेही अंगावर पाजणे थांबविण्याची आवश्यकता नाही. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. आधुनिक यंत्रावर काटेकोरपणे केलेल्या हृदयाच्या सीटीत तो २ ते ५ मिलिसीव्हर्ट असतो, जुन्या पद्धतीत १० हून अधिक. ही मात्रा अकारण घ्यावी अशी नव्हे. सीटी यंत्र चालविण्यासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो; तो दर्शनी भागी आहे काय, हे कोणीही विचारू शकतो.

कोणासाठी, कोणासाठी नव्हे

दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतील माणसांच्या मानाने पाच-सहा वर्षे आधी येतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात आढळले. म्हणून काही ‘पॅकेज’वाले निरोगी माणसालाही हृदयाच्या सीटीचा आग्रह करतात. लक्षणे नसलेल्या व्यक्तीने जाहिरात वाचून ही तपासणी करून घेणे हितावह नाही. ज्याला अधूनमधून छातीत दुखते, पण अडथळ्याची शक्यता मध्यम वा कमी आहे, त्याच्यासाठी ती उत्तम आहे. रोहिणी स्वच्छ दिसल्या तर हृदयात नळी घालण्याची गरज टळते. स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हृद्‌रोहिणींच्या विकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण सीटी केलेल्यांत २.३ टक्के, तर केवळ नेहमीची तपासणी झालेल्यांत ३.९ टक्के होते. हा फरक यंत्राने घडविला नाही. चित्रात रोग दिसल्यामुळे योग्य औषधे वेळेवर सुरू झाली आणि घेतली गेली, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

छातीत अचानक जोराची कळ, घाम, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, अशी लक्षणे असतील तर सीटीची तारीख पाहत बसणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या केंद्रात ईसीजी काढून घ्यावा.

तपासणी संपल्यावर निदान अर्धा तास रुग्णालयातच थांबावे, कारण तीव्र प्रतिक्रिया बहुधा या अवधीतच येते आणि तेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी असते. विरारची गाडी चुकेल म्हणून सुई काढताच निघणाऱ्यांनी पुढची गाडी धरावी. निघण्यापूर्वी दिलेल्या द्रव्याचे नाव, मात्रा, क्रिएटिनिनचा आकडा आणि काही त्रास झाला असल्यास त्याचे वर्णन कागदावर लिहून मागावे. हा कागद चित्रांच्या पाकिटात न ठेवता शिधापत्रिकेबरोबर ठेवावा. पाच वर्षांनी दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर, रुग्णाला स्वतःला बोलता येत नसेल तेव्हा त्याच्या घरच्यांना तो लगेच सापडतो.